अकरा वर्षं कार्ड वापरलं, आणि बँक म्हणते तुमची हिस्टरीच नाही

लाल_मिरची – १२ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते, वय ४७. गेली सहा वर्षं कांदा-लसूण चटणी करून विकते. सुरुवातीला ओळखीपाळखीत किलो-दोन किलो जायची, आता एका सीझनला सातशे किलोच्या वर जाते. मिरची निवडणं, भाजणं सगळं घरी होतं, पण कुटायला दुसऱ्याच्या डंकावर जावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये तिथं डबे घेऊन रात्री दहा-अकरापर्यंत बसावं लागतं. मिरची भाजून ठेवली आणि दोन दिवस नंबर लागला नाही तर वास उतरतो, तो परत येत नाही.

म्हणून ठरवलं, स्वतःचा डंक घ्यायचा. मशीन, मोटर, मागच्या खोलीची फरशी आणि थ्री फेजचं कनेक्शन मिळून ४ लाखांचा खर्च निघाला. उद्यम नोंदणी आहे, अन्न परवाना आहे, बचत खात्यात दर महिन्याची जमा दिसते. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या किशोर गटात अर्ज दिला.

परवा बँकेत बोलावलं. साहेब चांगले बोलले, पण म्हणाले, "मॅडम, तुमचा स्कोअरच येत नाही. क्रेडिट हिस्टरी शून्य आहे." मी म्हटलं, अहो, माझ्या पर्समध्ये २०१४ पासून क्रेडिट कार्ड आहे. त्यावर माझं नाव आहे. एक बिल उशिरा गेलेलं नाही. ते म्हणाले, "ते मिस्टरांचं कार्ड आहे, तुमचं ॲड-ऑन."

घरी येऊन ह्यांना विचारलं, तर ह्यांनाही माहीत नव्हतं. किराणा, मुलांच्या फिया, गॅस, औषधं सगळं मीच त्या कार्डावर केलं आणि बिल भरायची तारीखही मीच लक्षात ठेवली. गेल्या तीन वर्षांपासून निम्मं बिल माझ्या चटणीच्या पैशातून जातं. तरी कागदावर मी कुठंच नाही, हे मनाला लागलंय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, साहेब म्हणतात ते खरं आहे का? माझ्या मावसबहिणीनं एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात स्पष्ट म्हटलंय की घरच्यांच्या कार्डावर नाव घातलं की स्कोअर तयार होतो. दुसरं, फेब्रुवारीत मिरची बाजारात येते. त्याआधी काय करता येईल?

---

कळंबा_रोड – १२ ऑक्टोबर

ताई, मीही तसलाच व्हिडिओ बघून बायकोला ॲड-ऑन कार्ड काढून दिलंय. वाढतो म्हणे स्कोअर. तुमच्या बँकेनं चुकीचं बघितलं असेल. दुसऱ्या बँकेत विचारा.

---

निवृत्त_शाखाधिकारी – १२ ऑक्टोबर

ताई, ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. तुमच्या साहेबांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्धं सांगितलं.

ॲड-ऑन कार्ड म्हणजे तुमच्या हातात दिलेली दुसऱ्याच्या खात्याची चावी. करार मिस्टर आणि बँक यांच्यात आहे. मर्यादा त्यांच्या उत्पन्नावर ठरली, पॅन त्यांचा, बिल एकच आणि तेही त्यांच्या नावाचं. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२२ ला कार्डांबाबत निर्देश काढले, त्यांत स्पष्ट लिहिलं की ॲड-ऑन कार्डाची देणेदारी मूळ कार्डधारकाची राहील. उद्या तुम्ही ५० हजारांची साडी घेतलीत आणि बिल थकलं, तर वसुलीचा फोन त्यांना येणार. ज्याच्याकडून वसुली करायची त्याचीच परतफेडीची शिस्त मोजली जाते. अकरा वर्षांची तुमची शिस्त मिस्टरांच्या स्कोअरमध्ये जमा झाली आहे. त्यांचा स्कोअर काढून बघा, चांगलाच असेल.

आता राहिलेलं अर्धं. स्कोअर नसणं आणि स्कोअर खराब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेडिट रिपोर्टवर आकड्याच्या जागी एनएच (नो हिस्टरी) किंवा वजा एक येतं, त्याचा अर्थ एवढाच की मोजण्यासारखं काही सापडलं नाही. ३०० ते ९०० या पट्टीवर तुम्ही खाली नाही, तुम्ही अजून पट्टीवर आलाच नाहीत. आणि पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज निव्वळ हिस्टरी नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ खात्यानं लोकसभेत लेखी उत्तरात हेच सांगितलं. याचा अर्थ बँकेनं डोळे झाकून कर्ज द्यावं असा नाही. खातं, धंदा, जागा बघण्याचा तिला हक्क आहे. पण मग तिनं ते बघावं.

तुमचा अर्ज लेखी नाकारला आहे का? नसेल तर तो अजून जिवंत आहे.

पहिलं काम रिपोर्ट काढायचं. आपल्याकडे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चार संस्था, म्हणजे क्रेडिट ब्यूरो, आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून तसा नियम आहे. चारही काढा. एकीकडे नाही ते दुसरीकडे सापडतं. आणि आपला रिपोर्ट आपण बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही.

---

टेक्सासातला_कोल्हापूरकर – १३ ऑक्टोबर

वहिनी, त्या व्हिडिओचा घोळ माझ्या लक्षात आला. तो सल्ला अमेरिकेचा आहे. तिथला मजकूर उचलून मराठी-हिंदीत सांगतात आणि देश सांगायचा राहून जातो.

इथं अमेरिकेत कुणाच्या कार्डावर तुमचं नाव 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून घातलं, तर बहुतेक मोठ्या बँका ते खातं तुमच्याही रिपोर्टवर पाठवतात. माझी बायको डिपेंडंट व्हिसावर आली होती. २०१६ मध्ये तिला कामाचा परवाना आणि सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला, तेव्हा तिच्या नावावर काहीच नव्हतं. मी माझ्या सर्वांत जुन्या कार्डावर तिचं नाव घातलं. दोन महिन्यांत ते कार्ड तिच्या रिपोर्टवर आलं, तेही मी उघडलं होतं त्या तारखेसकट. म्हणजे माझी जुनी वर्षं तिच्याही खात्यावर लागली. पुढं तिनं स्वतःचं कार्ड घेतलं, मग स्वतःच्या नावावर गाडी. आणि गंमत नाही, खरंच, तिनं त्या माझ्या कार्डावर कधी एक डॉलरही खर्च केला नव्हता.

पण हे दुधारी आहे. फायको या इथल्या कंपनीच्या स्कोअरमध्ये साधारण ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला आणि ३० टक्के उधारीच्या रकमेला असतं. मी बिल चुकवलं असतं, किंवा मर्यादेच्या ऐंशी-नव्वद टक्के कार्ड भरून ठेवलं असतं, तर तिच्याही स्कोअरवर आलं असतं. मात्र पैसे भरायची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर नव्हती. अशा वेळी बँकेला फोन करून नाव काढून घेता येतं, मग ते खातं सहसा रिपोर्टवरून जातं.

आता हे असं का, ते सांगतो, कारण वहिनींनी जे लिहिलंय त्याचाच हा इतिहास आहे. इथंही पूर्वी कार्ड नवऱ्याच्या नावाचं, वापरणारी बायको, आणि नवरा गेला किंवा घटस्फोट झाला की बाईच्या नावावर काही नाही. १९७४ मध्ये समान पत संधीचा कायदा आला. त्याखालच्या नियमांत बँकांना बंधन घातलं गेलं की पती किंवा पत्नीला खातं वापरायची मुभा असेल, तर ब्यूरोला माहिती पाठवताना ती दोघांच्या नावे जाईल अशी पाठवावी. २००७ मध्ये फायकोनं जाहीर केलं होतं की असली खाती मोजायची नाहीत, कारण अनोळखी लोक पैसे घेऊन दुसऱ्यांना आपल्या कार्डावर चढवायला लागले होते. पुढं याच कायद्यामुळं तो निर्णय मागं घ्यावा लागला. खाती मोजणं चालू राहिलं, भाड्यानं चढलेली नावं ओळखायची गाळणी तेवढी आली.

तुमची तक्रार इथल्या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी केली होती. आपल्याकडे ते बंधन नाही.

---

कळंबा_रोड – १३ ऑक्टोबर

दादा, धन्यवाद. मी वर चुकीचं लिहिलं. बायकोचा रिपोर्ट आत्ताच काढला, त्यावर आमचं कार्ड नाहीच.

---

गडहिंग्लज_एसटी – १३ ऑक्टोबर

ॲड-ऑनची दुसरी बाजू मी भोगलीय, म्हणून लिहितो.

माझ्या कार्डाची मर्यादा दीड लाख. धाकटा भाऊ गोकुळ शिरगावला कामाला लागला, त्याला ॲड-ऑन काढून दिलं. पहिलं वर्ष नीट गेलं. मग त्यानं मोबाइल, मित्राच्या लग्नातला खर्च आणि कुणाला तरी हातउसने म्हणून मिळून १ लाख १० हजार वापरले. मला वाटलं तो भरतोय, त्याला वाटलं माझ्या खात्यातून आपोआप जातंय. दोन बिलं चुकली. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर दंड.

मी घराच्या कर्जाला गेलो तेव्हा कळलं. माझा रिपोर्ट दोन जागी लाल. भावाच्या रिपोर्टवर ओरखडा नाही, त्याचा स्कोअर ७६०, कारण त्याचं गाडीचं कर्ज वेळेवर चाललंय. माझ्या घराला पाव टक्का जादा दर लागला. वीस वर्षांच्या कर्जात पाव टक्का काय होतो ते हिशोब करून बघा.

भावावर राग नाही, तो अजूनही दर महिन्याला पैसे देतोय. पण त्यावेळी कुणी सांगितलं असतं तर त्याच्या कार्डाला वेगळी मर्यादा लावून घेतली असती. ॲपमध्ये ती सोय बऱ्याच बँका देतात.

---

निवृत्त_शाखाधिकारी – १३ ऑक्टोबर

गडहिंग्लजकर, एक गोष्ट बाकीच्यांसाठी. तारीख चुकली म्हणून लगेच घाबरू नका. कार्डाचं बिल देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं तरच बँक ते थकीत म्हणून कळवू शकते. हा नियमही कार्डांच्या त्याच निर्देशांत आला. पण १ जानेवारी २०२५ पासून बँका निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळं पूर्वीसारखं महिनाभरात सावरून घेऊ असं आता होत नाही.

---

पंचगंगा_घाट – १४ ऑक्टोबर

माझं लिहायचं धाडस होत नव्हतं, पण ताईंचं वाचून लिहिते.

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. आईकडे ॲड-ऑन होतं. दहाव्या दिवशी ती मेडिकलमध्ये आजीच्या गोळ्या आणायला गेली आणि कार्ड चाललं नाही. मशीनवाल्या पोरानं तीन वेळा दाबून बघितलं. मागं रांग होती. आई घरी येऊन काही बोलली नाही, नुसती बसून राहिली.

बँकेचं चुकलं असं मी म्हणत नाही. मूळ कार्डधारक गेला की खातं बंद होतं, त्याबरोबर ॲड-ऑनही. पण आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आईला वाटत होतं की ते तिचं कार्ड आहे, कारण त्यावर तिचं नाव छापलेलं होतं. नंतर तिनं स्वतःच्या नावावर मागितलं तर हिस्टरी नाही, उत्पन्नाचा पुरावा नाही. फॅमिली पेन्शन सुरू झाल्यावर, ठेवीच्या तारणावर एक मिळालं. वयाच्या ६१ व्या वर्षी तिचं पहिलं कार्ड.

ज्यांच्या घरी आईकडे, बायकोकडे फक्त ॲड-ऑन आहे, त्यांनी कृपा करून आजच वेगळं काहीतरी तिच्या नावावर सुरू करा.

---

लाल_मिरची – १६ ऑक्टोबर

पंचगंगा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. वाचून गळा दाटून आला.

काका, तुम्ही सांगितलं तसं चारही रिपोर्ट काढले. मुलगी बसली शेजारी, दोन संध्याकाळी गेल्या. पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला, तिथंच एक तास गेला.

सापडलं ते असं. एका रिपोर्टवर ह्यांचं कार्ड माझ्या नावाखाली दिसतंय, पण मालकीच्या रकान्यात 'अधिकृत वापरकर्ता' लिहिलंय आणि स्कोअरच्या जागी तिथंही एनएच. दोन रिपोर्ट अगदी कोरे. आणि क्रिफच्या रिपोर्टवर आमच्या बचत गटाचं कर्ज निघालं! २०२१ मध्ये गटातून माझ्या वाट्याला ३० हजार आले होते, गॅसची मोठी शेगडी आणि कढई घेतली होती. अठरा हप्ते, सगळे वेळेवर. ते तिथं माझ्या नावावर आहे, 'बंद, थकबाकी शून्य' असं.

मी त्या गटाला कधी कर्ज म्हणून मोजलंच नव्हतं. मंगळवारी जमायचो, पैसे द्यायचो, वहीवर सही करायची.

---

निवृत्त_शाखाधिकारी – १६ ऑक्टोबर

ताई, आता तुमची बाजू भक्कम झाली. शाखेनं बहुधा एकाच संस्थेचा रिपोर्ट बघितला. गटाच्या सभासदाची वैयक्तिक माहितीही ब्यूरोला पाठवायची व्यवस्था रिझर्व्ह बँकेनं २०१६ पासून लावली, म्हणून ते दिसतंय. तो रिपोर्ट छापा, गटाच्या वहीची प्रत जोडा, आणि अर्जाबरोबर पत्र लिहून द्या की माझी ही परतफेड विचारात घ्यावी. पत्राची पोच घ्या. तोंडी बोलू नका.

मालकीच्या रकान्याबद्दल सगळ्यांनी लक्षात ठेवा. तिथं चार प्रकार येतात: एकट्याचं, संयुक्त, जामीनदार आणि अधिकृत वापरकर्ता. कोणती बँक ॲड-ऑनचं नाव पाठवते, कोणती पाठवत नाही, यात एकसारखेपणा नाही. पाठवलं तरी त्यावर विसंबून कर्जाचा निर्णय होताना मी माझ्या टेबलावर कधी बघितला नाही.

---

उद्यमनगर_साचा – १७ ऑक्टोबर

काका, तुम्ही जामीनदार म्हणालात म्हणून लिहितो. आपल्या भागात कार्डापेक्षा जामीनकी लई जणांना भोवलीय.

आमची छोटी फाउंड्री. वडील कुणालाही नाही म्हणत नसत. शेजारचा आला, 'आण्णा, सही करा की', की सही. माझी पण एका मित्राला सही आहे. तो हप्ते भरेना, आणि माझ्या रिपोर्टवर त्याचं थकीत कर्ज 'जामीनदार' म्हणून उभं. मला एक रुपाया मिळालेला नाही.

आता हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. जामीन राहिलं की हातात काही येत नाही, पण कागदावर माणूस पक्का अडकतो. ॲड-ऑन घेतलं की हातात कार्ड येतं, बाजारात मान मिळतो, पण कागदावर माणूस नसतोच. कार्ड घेताना आणि सही करताना आपण बघतो ते हातातलं. कागदावर आपलं नाव कुठल्या रकान्यात बसणार, हे तिथंच विचारायला पाहिजे.

आणि पतसंस्थेचं सांगतो. वडिलांनी पेठेतल्या पतसंस्थेतून बारा वर्षांत चार कर्जं फेडली, सगळी मुदतीत. त्यांच्या सिबिलवर एकही नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली, रिझर्व्ह बँकेखाली नव्हे. त्यामुळं गल्लीत पत, रिपोर्टवर नाही, असं झालंय.

---

शाहूपुरी_५वी_गल्ली – १७ ऑक्टोबर

माझं मत वेगळं आहे. हे सगळं स्कोअरचं खूळ कशाला? आमच्या आजोबांनी उधारी न करता घर बांधलं. वहिनी, कार्डाच्या नादाला लागू नका, भिशी लावा, गुजरीत थोडं सोनं मोडा आणि डंक घ्या.

---

लाल_मिरची – १७ ऑक्टोबर

भावजी, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण सोनं मोडलं तर ते परत होत नाही, हे मी आईच्या पाटल्यांचं बघितलंय. आणि मला उधारीची हौस नाही. मला माझ्या धंद्यासाठी माझ्या नावावर उभं राहायचंय. मिरचीचे पैसे रोख द्यावे लागतात, चटणीचे पैसे तीन महिन्यांनी येतात. मधल्या काळात भांडवल लागतंच. दरवेळी ह्यांच्या सहीची वाट बघायची का?

---

वही_खातं – १८ ऑक्टोबर

ताईंशी सहमत. मी हिशोबाचीच कामं करते, दसरा चौकाजवळ ऑफिस आहे. लहान धंदेवाल्या बायकांचे कागद रोज बघते, त्यातून सांगते.

सोनं मोडायचं नसेल आणि पैशाची अडचण असेलच, तर बँकेत किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीत तारण ठेवा. सोनेतारण कर्ज तुमच्या नावावर नोंदतं आणि फेडलं की तुमची हिस्टरी होते. सराफाकडं किंवा ओळखीच्या माणसाकडं गहाण ठेवलेलं कुठंच नोंदत नाही. सोनं तेच, जोखीम तीच, पण कागद एकाच ठिकाणी होतो.

दुसरा मार्ग ठेवीच्या तारणावरचं कार्ड. तुमच्या बचत खात्यातून २० किंवा २५ हजारांची ठेव स्वतःच्या एकटीच्या नावावर करा आणि त्यावर कार्ड मागा. ठेव गहाण असल्यामुळं उत्पन्नाचे कागद फारसे मागत नाहीत. मर्यादा ठेवीच्या पाऊणपट ते जवळपास तेवढीच मिळते, बँकेप्रमाणे फरक. ठेवीवर व्याज चालूच राहतं. कार्डावर महिन्याला दीड-दोन हजारांचाच किराणा घ्या, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहा, आणि पूर्ण बिल भरा. 'किमान रक्कम' हा रकाना बघूच नका, व्याजाचा सापळा तिथं आहे. साधारण सहा महिन्यांची नोंद झाली की स्कोअर दिसायला लागतो.

एक काळजी घ्या. चिडून पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदते आणि नवख्या माणसाच्या रिपोर्टवर पाच चौकशा एकदम दिसल्या तर समोरचा बिचकतो.

आणि मुद्राच्या या रकमेला तारण लागत नाही. कुणी मागितलं तर लेखी मागा.

---

कॉलेज_कट्टा – १८ ऑक्टोबर

मी वीस वर्षांचा, पप्पा ॲड-ऑन देतो म्हणालेत. मग घेऊ की नको?

---

वही_खातं – १८ ऑक्टोबर

घे, पण बिल कसं वाचायचं ते शिकायला. स्कोअर त्यातून होईल या आशेवर नको. शिष्यवृत्तीचे पैसे साठले असतील तर छोटी ठेव कर आणि तुझ्या नावाचं कार्ड घे.

---

टेक्सासातला_कोल्हापूरकर – १९ ऑक्टोबर

आणि पुढं शिकायला बाहेर जायचा विचार असेल तर ऐकून ठेव. तिथला सिबिल स्कोअर इथल्या ब्यूरोला दिसत नाही, इथला तिथं दिसत नाही, नावं तीच असली तरी. ट्रान्सयुनियन, एक्सपीरियन, इक्विफॅक्स दोन्हीकडे आहेत, पण दप्तरं वेगळी. इथं आलास की पाटी कोरी. तेव्हा ओळखीच्या भरवशाच्या माणसाच्या कार्डावर नाव लावून घेणं हा खरंच कामाचा रस्ता आहे.

---

लाल_मिरची – २४ नोव्हेंबर

खूप दिवसांनी लिहिते, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी होत्या.

वही_खातं ताईंनी सांगितल्याप्रमाणे २५ हजारांची ठेव केली. फॉर्मवर 'संयुक्त' वर टिक करायला मुलगा पुढं सरसावला, मी म्हटलं थांब, एकटीचं. वीस हजारांच्या मर्यादेचं कार्ड आलं. ॲड-ऑन बंद केलं नाही, घरखर्च त्यावरच चालू आहे. पण चटणीची पाकिटं, लेबलं आणि कुरिअर आता माझ्या कार्डावर. पहिलं बिल १,२४० रुपये आलं. आलं त्याच दिवशी भरलं.

बँकेत पत्र दिलं, पोच घेतली. क्रिफचा रिपोर्ट, गटाची वही, सहा वर्षांच्या विक्रीच्या माझ्या वह्या. साहेबांनी वह्या चाळल्या. २०२० च्या पानावर, लॉकडाऊनमध्ये, ३१ किलो लिहिलंय, ते बघून म्हणाले, "तेव्हाही बंद नाही केलंत?" मी म्हटलं, मिरची भरून ठेवली होती, करणार काय.

उत्तर अजून नाही.

---

पंचगंगा_घाट – २५ नोव्हेंबर

ताई, आईला तुमचं वाचून दाखवलं. ती विचारते, चटणी पुण्याला कुरिअरनं पाठवाल का? दोन किलो, आणि तिखट जरा बेतानं.

---

निवृत्त_शाखाधिकारी – २५ नोव्हेंबर

पोच घेतलीत हे उत्तम. पुढं कधी रिपोर्टवर काही चुकीचं दिसलं, तरी असंच लेखी कळवायचं. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते, एप्रिल २०२४ पासून. ब्यूरोंची तक्रारही आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं नेता येते. पॅन-आधारचं ते एक अक्षर मात्र आधी दुरुस्त करून घ्या. त्या एका अक्षरापायी दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर आलेली माणसं मी बघितली आहेत.

---

लाल_मिरची – ९ जानेवारी

काका, अक्षर दुरुस्त झालं. पंचगंगा, आईंची दोन किलो सोमवारी निघेल, बेडगी जास्त घातलीय, रंग येईल, तिखट लागणार नाही.

बँकेतून काल फोन आला. ४ नाही, ३ लाखांचा विचार करतायत, आणि बुधवारी साहेब स्वतः जागा बघायला येणार आहेत. ह्यांनी विचारलं, मी थांबू का घरी? मी म्हटलं थांबा, चहा लागेल. कागद मी दाखवते.

मागची खोली रिकामी केलीय. वायरमन येऊन मीटरची जागा बघून गेला. डंकवाल्यानं सांगितलंय की पंधरा दिवस आधी कळवलं तर मशीन फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बसेल. कमी पडणाऱ्या एका लाखाचं गटातल्या बायकांशी बोलणं झालंय, मंगळवारी मीटिंग आहे.